पहिला प्रश्न वगाचा

शिरवळच्या आसपासच्या गावांत चैत्रात यात्रा सुरू झाल्या की कुठल्या ना कुठल्या गावात रात्री तमाशा असतोच. त्याला तिकीट नसतं, कनात नसते, पासही लागत नाही. फडाची सुपारी गावानं घरटी पट्टी काढून आधीच दिलेली असते. नीरा नदीच्या अलीकडचा सातारा जिल्हा असो की पलीकडचा पुणे जिल्हा, ज्याला यायचंय त्यानं यावं आणि पोतं अंथरून बसावं. नवा वग, नव्या लावण्या आणि नवा नाच गावोगाव फुकट दाखवणारा हा केवढा तरी मोठा उत्सव आहे, आणि तो कुणा एका संस्थेचा नाही. प्रत्येक गाव आपापल्या ऐपतीनं तो भरवतं.

आमच्या गावच्या यात्रा कमिटीत तमाशाची जबाबदारी अनेक वर्षं माझ्याकडे आहे. दिवसा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरचं काम बघतो आणि होळी झाली की संध्याकाळी या कामाला लागतो. फड ठरवणं, मैदान तयार करणं, पोलिसांची परवानगी, लाईट, पाणी, कलाकारांच्या उतरण्याची सोय आणि शेवटचा माणूस घरी जाईपर्यंतचं सगळं त्यात आलं. यात्रा चांगली झाली का, हे ठरवायची प्रत्येकाची कसोटी वेगळी असते. माझी एकच आहे. फडानं पावसाळाभर खपून बसवलेला नवा वग, म्हणजे तमाशातला नाटकाचा भाग, आमच्या मैदानावर पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या प्रवेशापर्यंत झाला का?

तमाशा ठरवायला आम्ही पुण्यावरून नारायणगावला जातो. जुन्नर तालुक्यातलं हे गाव पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडमालकांच्या राहुट्या लागतात. राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, बाहेर कलाकारांचे फोटो, आत टेबल, वही आणि तारखांचा तक्ता. लांबलांबच्या गावांचे कारभारी तिथं येतात. चैत्र पौर्णिमेच्या आणि वद्य अष्टमीच्या आसपास अनेक गावांच्या यात्रा एकदमच येतात, त्यामुळं त्या तारखांना फड मिळवायला ओढाताण होते आणि सुपारीचा आकडाही चढतो.

राहुटीत बसल्यावर आजूबाजूची बोलणी कानावर पडतात. नाचणाऱ्या मुली किती, गाणी नवी आहेत का, लाईट-साऊंड कसा, हे प्रश्न बहुतेक सगळे विचारतात. आम्ही आधी विचारतो, “यंदाचा नवा वग कोणता?” एका राहुटीतले वयस्क मॅनेजर हा प्रश्न ऐकून वहीतून मान वर करून म्हणाले, “दादा, वगाचं नाव विचारणारी पार्टी आता क्वचित येते. बसा, गोष्टच सांगतो.” चहा गार होईपर्यंत त्यांनी अख्खा वग सांगितला. कुठल्या प्रवेशाला माणसं रडतात, कुठं सोंगाड्या वाट फोडतो, शेवट कुणी आणि का बदलायला लावला, सगळं. आकडा ठरवताना त्यांनी फारशी घासाघीस केली नाही. आम्हीही कागदावर स्पष्ट लिहिलं. फड दुपारी पोचेल, गण सात वाजता उभा राहील, वग पूर्ण होईल, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा कार्यक्रम होईल. इसार देऊन उठलो.

नवा वग कसा तयार होतो, हे या लोकांच्या सहवासात समजलं. तमाशाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि अक्षय्य तृतीया, बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला संपतं. पावसाळ्यात फड बंद असतो. त्या काळात लेखकाकडून गोष्ट घेतात, भूमिका वाटतात आणि दसऱ्याच्या आधी तालमी करतात. जुन्या रिवाजात वगाचे संवाद कागदावर नसायचे. गोष्ट, प्रवेशांचा क्रम आणि पदं ठरलेली असायची, बोलणं मात्र नट जागच्या जागी रचायचा. आता संहिता लिहितात, तरी सोंगाड्याला मोकळीक असते. दसऱ्यानंतर तंबूतले तिकिटाचे खेळ सुरू होतात. तिथं कुठला प्रवेश लांबतो, कुठल्या वाक्याला टाळी येते, कुठं लोक उठून बिडी ओढायला जातात, हे रोज रात्री दिसतं आणि वग तासला जातो. चैत्रात तो आमच्याकडे येतो तेव्हा पुरता मुरलेला असतो. म्हणजे फुकट बघणाऱ्या गावाला त्या वर्षातला सगळ्यात पक्का खेळ मिळतो. आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला म्हणतो, “वग आटपा, गाणी वाढवा.” मला याचंच वाईट वाटतं.

आमच्या भागात नव्या खेळाची आवड जुनी आहे. सांगलीत १८४३ साली संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात तिथून मोजतात. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी घरची कुलकर्णीपणाची वाट सोडून फडावर उभे राहिले आणि पठ्ठे बापूराव झाले. ‘मिठाराणी’चा त्यांचा वग गाजला. सांगलीजवळच्या कवलापूरच्या खाडे घराण्यातले जुळे भाऊ लहू आणि अंकुश, म्हणजे काळू-बाळू, यांनी ‘जहरी प्याला’ गावोगाव नेला आणि त्यातल्या दोघा हवालदारांवर लोकांनी जीव लावला. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाच्या चौकटीत कामगारांचे आणि शेतकऱ्यांचे प्रश्न आणले. गणातला गणपती बाजूला ठेवून मायभूमीला वंदन करण्याचं धाडस त्यांनी केलं. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची मुलगी मंगला बनसोडे यांच्या फडाच्या नावातलं करवडी हे गाव कराडजवळचं. भाव्यांना संस्थानिकाचा आश्रय होता. तमाशाला मात्र गावानं सांभाळलं. एवढी परंपरा ज्या सातारा-सांगली जिल्ह्यांची आहे, तिथल्या यात्रा कमिटीनं वगाला ओझं समजू नये.

पट्टीवरून आमच्या गावात एकदा मोठी गोष्ट घडली. देवळाच्या सभामंडपात यात्रेची बैठक चालू होती. बचत गटाच्या बायका हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाची तारीख सांगायला आल्या होत्या. त्यातली एक वहिनी मला म्हणाली, “भाऊजी, पट्टी घरामागं घेताय, मग तमाशा निम्म्या घरानंच का बघायचा?” बैठकीत कुणाकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे बायका तमाशाला येतच नव्हत्या असं नाही. गच्चीवरून, कुणाच्या तरी ओट्यावरून, अंधारात उभं राहून त्या बघत. बसायला हक्काची जागा तेवढी नव्हती.

त्या वर्षी आम्ही मैदानाचा निम्मा भाग बायकांसाठी राखला. गावातून यायला स्वतंत्र वाट केली, वाटेवर दिवे लावले, शाळेची स्वच्छतागृहं उघडून घेतली, पिण्याच्या पाण्याची टाकी त्यांच्या बाजूला ठेवली. बंदोबस्ताला गावातल्याच कॉलेजच्या मुली उभ्या राहिल्या. त्याचा परिणाम रंगमंचावर दिसला. शिट्ट्या कमी झाल्या. गौळणीतली मावशी बायकांच्या बाजूला वळून बोलायला लागली आणि तिकडून तिला उत्तरं यायला लागली. फडातल्या एक ज्येष्ठ बाई दुसऱ्या दिवशी निघताना म्हणाल्या, “समोर बायाबापड्या बसल्या की आमचा पदर आपोआप सावरतो आणि काम करायला हुरूप येतो.” त्यानंतर आमच्याकडे ही बैठक कायमची झाली. बायका वगासाठी थांबतात, हे मी दरवर्षी बघतो. पुरुषांच्या बाजूची गर्दी गाणी संपल्यावर थोडी हलते, बायकांची हलत नाही.

यात्रेच्या दिवशी माझं काम पहाटे सुरू होतं. गहू निघालेल्या रानातली धसकटं आदल्या दिवशी काढलेली असतात, सकाळी टँकरनं पाणी मारून रान दाबून घेतो, म्हणजे धूळ उडत नाही. दुपारी फडाच्या गाड्या येतात. बिगारी स्टेज उभं करतात, पडदे बांधतात, जनरेटर लावतात. कलाकारांना शाळेत उतरवतो. रंगपटाला चारही बाजूंनी पडदा, आत दिवा, पंखा आणि पाणी हवंच, यावर मी अडून बसतो. रात्रभर प्रवास करून आलेली ही माणसं दोन-तीन तासांच्या झोपेवर आपल्यासमोर नाचतात. त्यांना आडोसा आणि पाणी देणं हा गावाचा धर्म आहे. तिकडं आखाड्यात कुस्त्या चालू असतात, घराघरांत पाव्हणे उतरलेले असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात.

शिरवळला औद्योगिक वसाहत वाढल्यापासून आमच्या मैदानावर नवा प्रेक्षक आला आहे. मराठवाड्यातले, उत्तर प्रदेशातले, बिहार आणि ओडिशातले कामगार खोल्या घेऊन राहतात. पाळी सुटली की ते तशाच कपड्यांत येऊन कडेला उभे राहतात. माझ्या स्टोअरमध्ये माल उतरवणारा छपऱ्याकडचा एक मुलगा एकदा तमाशा बघून दुसऱ्या दिवशी मला भोजपुरी नाटककार भिखारी ठाकुरांविषयी सांगायला लागला. त्यांच्या ‘बिदेसिया’ नाटकात नवरा कामासाठी परमुलखात जातो आणि बायको गावी वाट बघत राहते. त्यांच्याकडेही हे खेळ मोकळ्या जागेत, रात्रभर, गावासमोर होतात. मराठी त्याला अर्धीच कळत होती, पण वगातल्या आईचं दुःख त्याला पूर्ण कळलं होतं. तिकीट असतं तर तो मुलगा आत आलाच नसता.

आता अडचणींविषयी. तमाशाचा क्रम ठरलेला आहे: गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग. गेल्या काही वर्षांत गण-गौळण दहा-पंधरा मिनिटांत उरकतात आणि रंगबाजी पसरत जाते. सिनेमातल्या गाण्यांच्या फर्माईशी येतात, चिठ्ठ्यांबरोबर नोटा येतात, प्रत्येक नोटेबरोबर देणाऱ्याचं नाव पुकारायचं असतं. भरीला वेळेची मर्यादा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ही मर्यादा १२ वाजेपर्यंत वाढवू शकतं, पण ते दिवस बहुतेक गणपती, नवरात्र, शिवजयंती अशा मोठ्या सणांना जातात. गावच्या यात्रेच्या वाट्याला ते येत नाहीत. नियम योग्य आहे. आजारी माणसं, परीक्षेची मुलं सगळ्या गावांत असतात. पण देवाच्या पालखीचा छबिना संपल्यावर नऊला तमाशा सुरू करायचा, तासभर गाणी लावायची आणि दहाला पोलिसांची गाडी आली की वग गुंडाळायचा, असं बऱ्याच ठिकाणी होतं. त्यात नुकसान फक्त वगाचं होतं.

आम्ही दिवसाची मांडणी बदलली. कुस्त्या दुपारी लवकर लावून पाचपर्यंत संपवतो. छबिना तमाशा झाल्यावर, ढोल-ताशाशिवाय, टाळ-मृदंगावर निघतो. गण सातला, रंगबाजी आठपर्यंत, आठला वग. फर्माईशीच्या चिठ्ठ्या आठपर्यंतच घ्यायच्या. बक्षिसाची नावं वग संपल्यावर एकत्र वाचायची. वग चालू असताना स्टेजवर कुणीही चढायचं नाही, मग तो सरपंच असो, देणगीदार असो की पुढारी. तरुण मुलांनी विरोध केला. “गाणी कमी करणार असाल तर वर्गणी कशाला देऊ?” असं तोंडावर म्हणाले. त्यांच्यातल्याच काहींना आम्ही कमिटीत घेतलं आणि नारायणगावला बरोबर नेलं. राहुटीत बसून वगाची गोष्ट ऐकलेला मुलगा मग मैदानावर दुसऱ्यांना गप्प बसवतो, हा माझा अनुभव आहे.

या सगळ्या खटाटोपाचं मोल मला एका वगानं दाखवून दिलं. त्या वर्षीच्या फडाचा नवा वग जमिनीवरचा होता. गावाची जमीन कारखान्यांसाठी जाते, दोन भावांना पैसा मिळतो, धाकटा गाडी घेतो, थोरला लांबच्या गावाला रान घेतो, आणि त्याच कारखान्याच्या फाटकावर आई कंत्राटी झाडूवाली म्हणून उभी राहते. मधल्या प्रवेशात बहीण यात्रेला माहेरी येते. भाऊ तिला साडी देतात, पुरणपोळी वाढतात आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्राचा कागद पुढं करतात. आमच्याकडे हा कागद कुठल्या घरात आला नाही? महाराष्ट्रात १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि तेव्हापासून माहेर तुटू नये म्हणून सह्या करणाऱ्या बहिणी आपण रोज बघतो.

बहिणीचं काम करणाऱ्या बाईंनी पेन हातात घेतलं आणि त्या थांबल्या. मग बायकांच्या बैठकीकडे वळून त्यांनी विचारलं, “करू का गं सही?” हे संहितेत होतं की त्यांना तिथंच सुचलं, मी विचारलं नाही. क्षणभर मैदान गप्प होतं. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, “करू नगंस!” आणि पाठोपाठ दहा ठिकाणांहून तोच शब्द आला. पुरुषांच्या बाजूला कुणी हसलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. सोंगाड्यानं त्या उत्तरावरच पुढचा सगळा प्रवेश उभा केला, आणि वग पावणेदहाला संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर हजेरी झाली. हजेरीला मोठे दिवे नसतात, पडदे नसतात. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि जुनी पदं. म्हाताऱ्या मंडळींचा हा आवडीचा वेळ. पण त्या सकाळी पारावर, विहिरीवर, चहाच्या टपरीवर बोलणं रात्रीच्या कागदाचंच चालू होतं. कुणी म्हणत होतं बहिणीनं बरोबर केलं, कुणी म्हणत होतं असं केलं तर भाऊबीज कोण करणार. लग्नाला, अंत्यविधीला, निवडणुकीला गाव एकत्र येतं, पण त्या विषयावर आम्ही कधी उघड बोललो नव्हतो. ते काम एका वगानं केलं. तो वग आठ वाजता सुरू झाला नसता, तर हा प्रवेश आमच्या मैदानावर आलाच नसता.

फुकट खेळामागे किती जणांचं पोट असतं, हे कोरोनात कळलं. २०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि नेमक्या त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. वर्षाची बहुतेक कमाई ज्या दीड-दोन महिन्यांत होते, तेच महिने गेले. पुढच्या वर्षीही एप्रिलमध्ये निर्बंध आले. फडमालक उचल दिलेल्या कलाकारांना सांभाळू शकले नाहीत, ढोलकीवाले मजुरीला गेले. आमच्या गावात यात्रा झाली नाही, तरी काही घरांनी पट्टी आणून दिली आणि सांगितलं, “फडाला पाठवा, पुढच्या साली त्यांनी यायला पाहिजे.” ती रक्कम आम्ही पोचवली. पट्टी म्हणजे मनोरंजनाचा खर्च नव्हे, कलाकारांशी गावानं केलेला करार आहे, हे तेव्हा सगळ्यांना पटलं.

महाराष्ट्रात आणि शेजारी अशा लोकरंगभूमीच्या आणखी वाटा आहेत. गोव्यात देवळाच्या उत्सवात गावचे हौशी नट नाटक करतात. तळकोकणात जत्रेच्या रात्री दशावतार होतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं तिकिटावर रात्रभर चालतात. राज्य सरकार विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं आणि तमाशा महोत्सव भरवतं. हे सगळं हवंच. पण सरकारी महोत्सव एका शहरात काही दिवस होतो, गावची यात्रा गावोगाव होते. नव्या वगाला जेवढी मैदानं यात्रा देते, तेवढी दुसरं कुणी देऊ शकत नाही.

म्हणून सातारा-सांगलीतल्या आणि सगळीकडच्या यात्रा कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे. खेळ सातला सुरू करा. बायकांना बसायला हक्काची जागा द्या, कलाकारांना आडोसा, पाणी आणि ठरलेले पैसे निघण्याआधी द्या. वग चालू असताना नोट आणि चिठ्ठी दोन्ही थांबवा. आणि यंदा नारायणगावच्या राहुटीत बसल्यावर मॅनेजरला पहिला प्रश्न वगाचा विचारा. दहा गावांनी तो विचारला, तर पुढच्या पावसाळ्यात फडमालक चांगला लेखक शोधायला निघेल.